खंडेनवमीचं तेल

खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक अवजाराला हळदीकुंकू लागतं, हे सिद्धाप्पांना मान्य होतं. पण मेव्हणा बिरप्पा सोलापूरहून सुट्टीला आला की तेलही लागायचं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात आयुष्यभर माग चालवून त्याचं एक मत पक्कं झालं होतं: जे हलतं, त्याला तेल पाजावं. नवमीला त्यानं कोयत्याला दिलं, सायकलीला दिलं, आणि सिद्धाप्पांच्या होडीच्या इंजिनाला तर अभ्यंगस्नानच घातलं.

दसऱ्याच्या सकाळी सिद्धाप्पांनी उजनीच्या पाण्यात होडी लोटली. दोरी ओढताच इंजिन सुरू झालं. एक्सलेटरची मूठ पिळून वेग घेतला, हात काढला, तर मूठ आपोआप मागं फिरली आणि इंजिन कण्हायला लागलं.

एरवी त्यांनी मूठ तशीच धरून नेली असती. पण आज टेंभुर्णीकडच्या काठावरून लेकीला, दिपालीला आणायचं होतं. फार वेळ पिळून धरलं की हात थकायचा आणि मग थरथरायचा. तिनं तो थरथरता हात गेल्या खेपेला पाहिला होता. पुन्हा दिसला तर होडी विकायची आणि आप्पांनी मोडनिंबला तिच्या ओसरीवर येऊन बसायचं, असं तिनं जाहीर केलं होतं. ओसरी चांगली होती. पंखा होता. सिद्धाप्पांनी त्या ओसरीची धास्ती घेतली होती.

"दाजी, प्लग बदला," बिरप्पा म्हणाला.

"प्लग गेला आसता तर सुरू झालं आसतं व्हय?"

"मग मूठ सुतळीनं बांधू की."

"आन् मधी म्हैस पवत आली तर? गाठ सुटंस्तवर थांब म्हनू तिला?"

सिद्धाप्पांनी इंजिन बंद केलं. मूठ जिथल्या तिथं धरून ठेवणारा स्क्रू होडी वळवायच्या दांड्याखाली असतो. तिथं बोट लावलं, तर ते बुळकन सरकलं.

"हितं बी तेल घातलंस?"

"लई कोरडं दिसलं."

"ते कोरडंच आसतंय, बाबा. घासतंय म्हनून मूठ ऱ्हातीय."

"आमच्या मागाला आसलं काय न्हाय," बिरप्पानं मागाची बाजू घेतली.

त्यानं पेटवायला काढलेली बिडी सिद्धाप्पांनी आधी खिशात ठेवायला लावली. मग पेट्रोलच्या चिंधीनं ती जागा पुसून काढली, सुकू दिली आणि स्क्रू बेतानं आवळला. हातानं फिरेल, पण आपणहून फिरणार नाही, एवढाच. एवढ्यानंच ते दमले.

बिरप्पाला काठावरच ठेवून ते एकटे गेले. परतताना दिपाली समोर बसली होती. मूठ जागची हलत नव्हती. सिद्धाप्पांनी कोपरानं दांडा सावरला आणि हात ऐटीत मांडीवर ठेवला. रिकामा हात थरथरायला लागला.

त्यांनी तो घाईनं परत मुठीवर ठेवला. तिथं इंजिनाच्या हादऱ्यात कोण कुणाला हलवतंय ते कळत नव्हतं.

"आप्पा, मूठ तर नीट ऱ्हातीय. मग धरून कशाला बसलाय?"

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"सोडली की मोडनिंब दिसतंय," ते म्हणाले.

दिपाली सरकून त्यांच्याशेजारी आली आणि मुठीवरच्या हातावर तिनं आपला हात ठेवला.

"धरा. पर एकट्यानं जायचं न्हाय आता. मामाला न्या, न्हायतर कुनाला बी."

सिद्धाप्पांनी मान डोलावली. तेवढंही त्यांना आज जड गेलं.