टीव्हीतली चंद्री

मी एक म्हातारी म्हैस आहे, मित्रांनो. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून माझं नाव चंद्री. शिंगं पार खांद्यापर्यंत वळली आहेत, दात झिजले आहेत आणि उठताना गुडघे कुरकुरतात. पण मला साधीसुधी समजू नका. एके काळी साऱ्या महाराष्ट्राने मला टीव्हीवर पाहिलं आहे. काय पाहिलं, ते सांगते. आधी खरं काय ते ऐका.

माझा जन्म मांडवगण फराटा या गावचा. माझा मालक ज्योतिबा. त्याचे वडील मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडायचे. ज्योतिबाने मेंढरं विकली, रानात ऊस लावला आणि माझ्या आईला दावणीला आणून बांधलं. मी लहान असताना ज्योतिबाच्या बायकोने, गिताबाईने, मला बोट चोखायला देऊन दूध पाजलं. त्या बोटांची ओळख मी कधी विसरले नाही.

पुढे मी स्वतः दूध देऊ लागले. म्हशीचं दूध काढणं म्हणजे नळ सोडणं नव्हे, बरं का. आधी कास कोमट पाण्याने धुवायची. मग रेडकू सोडायचं. ते थानाला लागतं, चार ढुसण्या देतं, आणि आमच्या पोटात माया उचंबळून येते. त्याला पान्हा म्हणतात. मग रेडकाला ओढून माझ्या तोंडापुढे बांधायचं. मी त्याला चाटत राहते आणि गिताबाई बादली भरून घेते. वर्षानुवर्षं असंच चाललं. मी कधी पाय उचलला नाही. डेअरीत माझ्या दुधाचं नाव निघायचं, आणि गिताबाई घरी येऊन ते मला सांगायची.

मग एके दिवशी गावात गाड्यांची रांग आली. टीव्हीचा एक कार्यक्रम होता. शहरातल्या नावाजलेल्या कलाकारांनी खेड्यात येऊन राहायचं, आमची कामं करायची, आणि लोकांनी मतं देऊन त्यांच्यातल्या एकेकाला घरी पाठवायचं. त्यात नीलम नावाची मालिकांमधली नटी होती. तिला माझं दूध काढायचं काम मिळालं. गिताबाईला कोण आनंद झाला. तिने मला शाम्पूने घासलं, शिंगांना तेल लावलं आणि गळ्यात नवी घंटा बांधली. ज्योतिबा तेव्हा पाटसच्या कारखान्यावर होता. गळीत हंगाम सुरू झाला की तो तिकडेच राहायचा.

गोठ्यात लखलखीत दिवे लागले. नीलम बादली घेऊन खाली बसली. तेवढ्यात डोक्याला टोपी घातलेले, कार्यक्रमाचे साहेब म्हणाले, "ते पिल्लू बाजूला घ्या. फ्रेममध्ये येतंय."

"साहेब, रेडकू लावल्याबिगर ती पान्हा सोडायची न्हाई," गिताबाई म्हणाली.

"मावशी, दोन मिनिटांचं काम आहे. दूध आम्ही नंतर ओतून घेऊ."

माझं रेडकू जनरेटरच्या गाडीमागे नेऊन बांधलं. ते तिकडून ओरडत होतं आणि मला दिसत नव्हतं. नीलमने माझ्या थानाला हात लावला, दूध येईना, तेव्हा तिने मान वर करून विचारलं, "हिचं पिल्लू कुठंय? ते का रडतंय?" रेडकू आणखी मोठ्याने ओरडलं. मग मी लाथ मारली. बादली उडाली, नीलम शेणात बसली. ती काही रडली नाही. उलट खळखळून हसली आणि म्हणाली, "बरोबर केलंस गं बाई."

चार दिवसांनी ते टीव्हीवर लागलं. गोठ्यातून आमच्या पडवीतला टीव्ही सरळ दिसतो. माझी लाथ त्यांनी सावकाश, पुन्हा पुन्हा दाखवली. वर ढोल वाजवले. रेडकू कुठेच नव्हतं. नीलमचा प्रश्न नव्हता, तिचं हसू नव्हतं. त्याऐवजी तिचा रडवेला चेहरा होता. ती कधी तरी आजारी आईची चौकशी करताना रडली होती, तोच चेहरा इथे आणून डकवला होता. ती मुंबईची नाजूक मॅडम आणि मी खुनशी म्हैस. आणि ही मॅडम कुठली, माहीत आहे? दौंडची. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोर.

दुसऱ्या दिवशी साहेब तिला माझ्याच दावणीपाशी समजावत होते. "मॅडम, उद्या हिच्यावर राग काढा. काठी घ्या, ओरडा. भांडण झालं की मतं पडतात. तुम्ही टिकाल."

"मी कुणावर राग काढू? हिच्यावर?" नीलम म्हणाली. "मला नाही जमणार."

त्याच आठवड्यात ती बाहेर पडली. जो गप्प उभा राहतो त्याला मतं कोण देतो? जाताना ती माझ्यापाशी आली आणि बराच वेळ माझ्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली.

आता माझ्या प्रसिद्धीचं ऐका. रोज माणसं येऊ लागली. यवतच्या ढाब्यावर जेवून लोक वाट वाकडी करून मला बघायला यायचे. मोबाईल पुढे धरायचे आणि म्हणायचे, "मार की लाथ." मी मारली नाही तर पोरं मागून खडे मारायची. कुणी तरी चौकात फ्लेक्स लावला, 'आमच्या गावची शान', आणि त्यावर माझा पाय हवेत. हा असला मान मला नको होता, मित्रांनो. मला वेळेवर वैरण हवी होती आणि शांतपणे रवंथ करायचं होतं. दिवसभर गर्दी, मग पान्हा कुठून यायचा? माझं दूध आटलं. डेअरीत माझं नाव निघणं बंद झालं, आणि निघालं तर लोक हसायचे.

ज्योतिबा कारखान्यावरून आला तो तोंड पाडूनच. तिथे ज्याने त्याने त्याला मोबाईलवर माझी लाथ दाखवली होती.

"लाथाळ म्हस दारात नगं," तो म्हणाला. "उद्या कुणाचं तरी डोस्कं फुटंल. इकून टाकू."

"अवो, तिचं रेडकू नेलं व्हतं बांधून. मी हितंच हुते," गिताबाई म्हणाली.

"साऱ्या म्हाराष्ट्रानं बघितलंय, गिता. तू एकटी काय सांगतीस?"

"मंग टीव्हीचं खरं आन् माझं खोटं व्हय?"

ज्योतिबा उठून रानात गेला. गिताबाई त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र मनाशी पक्कं ठरवलं. काही झालं तरी आता पाय उचलायचा नाही. खडे मारोत, दिवे लावोत, माझं नाव मीच धुऊन काढणार. दूध आटलं तरी चालेल, पण माझे चारी पाय जमिनीवर राहतील.

मग यवतचा चांगदेव व्यापारी मला बघायला आला. आमच्याकडे म्हैस घेणारा माणूस आपल्यासमोर दूध काढायला लावतो. ती उभी राहते का, किती देते, ते बघतो आणि मगच सौदा करतो. संध्याकाळची धार काढायची वेळ होती. नेमकी तेव्हाच दारात एक रिक्षा थांबली. ओढणी तोंडावर घेतलेली एक बाई उतरली. नीलमच होती. आईला भेटायला दौंडला चालली होती, वाटेत इकडे वळली.

"मावशी, माझं काम अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "एकदा नीट शिकवाल का?"

चांगदेवने तिला ओळखलं आणि लगेच मोबाईल काढला. पुन्हा लाथ, पुन्हा तीच नटी. त्याचे डोळे चमकले.

गिताबाई रेडकू सोडायला वाकली आणि माझ्या कानाशी आली. "चंद्रे, आज एक लाथ घाल. घाल माझे बाई. म्हंजी ह्यो परत जाईल. तू गेलीस तर मी कुणाकडं बघू?"

मित्रांनो, आता सांगा, मी काय करावं? लाथ मारली तर सौदा मोडणार आणि मी घरी राहणार. पण जन्मभर लाथाळ म्हणून राहणार. नीट उभी राहिले तर नाव सुधारणार आणि मी परक्या दावणीला जाणार. माझं रेडकू इथेच राहणार. माझा जीव तुटत होता. नीलमलाही साहेबांनी हेच सांगितलं होतं की लाथा झाड म्हणजे टिकशील. ती तशी टिकली नाही, पण ताठ मानेने गेली. मग मीही आधी ठरवलं होतं तेच करायचं नक्की केलं. ज्या लाथेने माझं नाव घालवलं, तिच्या जोरावर मला घर राखायचं नव्हतं.

नीलमने कास धुतली. रेडकू धावत आलं, ढुसण्या देऊ लागलं. मग तिने ते हळूच ओढून माझ्यापुढे बांधलं आणि खाली बसली. तिचे हात नवखे होते, नखं टोचत होती. मी हलले नाही. रेडकाला चाटत राहिले. कित्येक दिवसांनी माझ्या पोटात ती ओळखीची माया उचंबळली आणि धार बादलीत वाजू लागली. चांगदेव मोबाईल धरून वाट बघत होता. त्याचा हात अवघडला. शेवटी त्याने मोबाईल खाली घेतला.

"ज्योतिबा, तू मला दुसरीच म्हस दावतोयस," तो म्हणाला. "टीव्हीतली कुठाय?"

ज्योतिबाने बादलीतला फेस बघितला, रेडकाकडे बघितलं, आणि मग गिताबाईकडे बघितलं.

"मामा, टीव्हीतली माझ्या दारात कवाच नव्हती," तो म्हणाला. "आन् ही इकायची न्हाई. च्या घ्या आन् मग जावा."

गिताबाईने पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. नीलमने बादली उचलली. चांगदेवने विचारलं, "मॅडम, एक फोटो?" ती म्हणाली, "नको, हात भरलेत."

त्याला आता खूप काळ लोटला. माणसं दुसऱ्या कुणाची तरी लाथ बघायला निघून गेली. चौकातला फ्लेक्स उतरवून ज्योतिबाने माझ्या वैरणीवर टाकला आहे, त्यामुळे पावसाळ्यात माझी कडबाकुट्टी कोरडी राहते. त्या फ्लेक्सचा तेवढा उपयोग झाला. नीलम दौंडला आली की अधूनमधून येते. तिच्या हाताला आता चांगली सवय झाली आहे.

माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. पडद्यावर कुणी ओरडताना, रडताना, लाथा झाडताना दिसलं की तुम्ही हसता, बोटं मोडता, मत देऊन मोकळे होता. हसा खुशाल. पण हसण्याआधी एकदा विचारा, हिचं रेडकू कुठे नेऊन बांधलं होतं?