जोडी हरवलेली 'थर्मो'

मी एक शब्दपट्टी बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, वीतभर लांब, अंगावर लाल शाईनं 'थर्मो' लिहिलेली. माझा अर्थ उष्णता, आणि स्वभावही तसाच. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म बाईंच्या जेवणाच्या टेबलावर झाला. बुटांची खोकी कापून त्यांनी आम्हा बहिणींना घडवलं, कुणी ग्रीक, कुणी लॅटिन. बाई इंग्रजी शिकवतात. अवघड शब्द कशाकशातून बनले ते मुलांना खेळातून कळावं, म्हणून हा खटाटोप. प्रत्येकाला एक पट्टी मिळते आणि वर्गभर फिरून जोडी शोधायची असते. 'टेली'नं 'फोन' गाठायची, 'मायक्रो'नं 'स्कोप', मी 'मीटर'. जोडी जमली की बसायचं. नाही जमली, तर तास संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं. याला म्हणे खेळ.

माझी 'मीटर' एक दिवस झाडलोटीत गेली. बाईंनी ते पाहिलं. "करू नवी," म्हणाल्या आणि केली नाही. उलट मला रोज एकाच मुलीच्या हातात द्यायला लागल्या. तिचा गुन्हा काय, तर मुख्याध्यापिकांसमोर ती म्हणाली होती, "बाई, काल तुम्ही या शब्दाचा अर्थ वेगळा सांगितला होता."

बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. तीही काही कमी नाहीत, आपण वाचलो यातच त्यांना आनंद. एकदा तिचे बाबा भेटायला आले, तर बाई साळसूदपणे म्हणाल्या, "लक्षच नसतं हो तिचं. साधी जोडी सापडत नाही."

"घरी चल, बघतो तुझ्याकडे," बाबा म्हणाले. तिनं मला एवढं आवळलं की माझा कोपरा दुमडला. मला घडवणाऱ्या त्या हातांचा तेव्हापासून मला तिटकारा आला.

काल एक मुलगा आला नव्हता. त्याची 'फोन' टेबलावर पडून होती. बाईंनी नेहमीप्रमाणे मला पुढे केलं. मुलीनं हात मागे घेतला.

"बाई, आज ही तुमच्याकडेच राहू दे. मी 'फोन' घेते."

बाई काही बोलायच्या आत ती 'टेली'वाल्या मुलीशेजारी जाऊन बसलीसुद्धा. हळूहळू सगळ्यांच्या जोड्या जमल्या, सगळे बसले. उभ्या होत्या फक्त बाई, आणि त्यांच्या हातात मी.

"बाई, तुमची जोडी कुठंय?" पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं सरळ मनानं विचारलं.

कुणी हसलं नाही. पण एकेक करत सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

बाईंनी माझे दोन तुकडे केले.

आता मी कचऱ्याच्या टोपलीत आहे. दया नको मला. बाई, नवी 'थर्मो' कराल तेव्हा आधी तिची 'मीटर' करा. आणि तेवढंही होत नसेल, तर मला घेऊन रोज दाराशी उभ्या राहणाऱ्या त्या पोरीच्या बाबांना बोलवा आणि खरं काय ते सांगा. ती अजून घरी बोलणी खातेय.