एक कार्ड दाखवायचं, एक झाकायचं

विमा कार्यालयाचा फोन टेलरबाईंनी पुन्हा कापला. आठवडाभर तोच नंबर! म्हाताऱ्या आईची कार्डं दोन. ज्येष्ठांच्या योजनेवर मोठं इस्पितळ, गरिबांच्या योजनेवर कोपऱ्यावरचा दवाखाना. दोन्ही सरकारी, दोन्ही हक्काची. पण एकीला दुसरीचा सुगावा लागला की एक कार्ड गेलंच, असं कुणीतरी बाईंच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून त्यांनी आईला पढवून ठेवलं होतं, "इथलं तिथं बोलायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, एवढीच गोळी."

आता म्हणे दोन्ही योजनांना एकमेकींची माहिती दिसू लागली. मेल्यांना नसते उद्योग!

दुपारी दार वाजलं. दारात योजनेची नर्स.

"आजी आहेत?"

"गावाला गेलीय," बाईंनी मशीनवरून न उठताच ठोकून दिलं. नेमकी तेव्हाच आतून आई खोकली. बाईंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

नर्स हसली नाही. "ताई, कार्ड काढून घ्यायला नाही आले. दोन्ही राहतील. पण इस्पितळ रक्त पातळ करायची गोळी देतंय आणि दवाखानाही तीच देतोय, नाव तेवढं वेगळं. आम्हाला एकीकडचं दुसरीकडे दिसतच नव्हतं हो. दोन्ही घेतात का त्या?"

बाईंना एकदम आठवलं. आईच्या दंडावरचे काळेनिळे डाग! 'कुठं धडपडतेस गं सारखी' म्हणून त्या तिच्यावरच डाफरल्या होत्या. आज सकाळी हिरड्यांतून रक्त आलं, तर मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. फोन उचलला असता तर? त्यांनी उठून आतलं दार उघडलं.

नर्स खाटेशी बसली. दंड पाहिले, नाडी धरली. "आजी, इस्पितळाच्या गोळीशिवाय आणखी कुठली घेता?"

आईनं आधी लेकीकडे पाहिलं. मग ठामपणे म्हणाली, "नाही हो बाई. एवढीच." आणि शाबासकीसाठी पुन्हा लेकीकडे पाहिलं.

"खोटं बोलतेय ती!" टेलरबाईंना रडू फुटलं. "दोन्ही घेते. आज सकाळीही घेतल्यात. मीच शिकवलंय तिला असं बोलायला!"

नर्सनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आईनं घाबरून लेकीचा हात दाबला.

"अगं गप्प बस ना," ती कुजबुजली, "कार्ड जाईल!"