घडवता धनी

“सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” असं म्हणत म्हातारा पाथरवट शिळेच्या कडेवर ऐसपैस बसला. तो उठेपर्यंत आता ती कोणाला उचलता येणार नव्हती.

क्रेनवाल्याने कपाळावर हात मारला. पट्टे बांधून झाले होते. समोरच्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या दारावर शिळा चढवायची तेवढी राहिली होती. आणि राहिली होती ती खूण. ओळीखालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी होती. तिथे घडवणाऱ्याची खूण यायची. एकदा शिळा वर बसली, की त्या कोपऱ्याला पुन्हा छिन्नी लागणार नव्हती.

छिन्नी घेऊन म्हाताऱ्याची सून उकिडवी बसलीच होती. त्यावरून सकाळी दोघांची जुंपली होती.

“या वेळी तुझी खूण कोर,” म्हातारा म्हणाला होता.

“लोक तुमच्या हातासाठी येतात, मामंजी. तुमचीच कोरते, नेहमीसारखी.”

“माझा हात? कप उचलला की बशीला आंघोळ घालतो तो!”

“ते घरातल्या घरात. गावाला कशाला सांगायचं?”

गावाला खरंच माहीत नव्हतं. म्हाताऱ्याचा हात कापायला लागल्यापासून त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेला प्रत्येक दगड सुनेचा होता आणि प्रत्येकावरची खूण सासऱ्याची.

“गोष्ट नंतर,” क्रेनवाला म्हणाला. “आधी हे लिहिलंय काय ते तरी कळू द्या. गुरुजी, ही कसली भाषा?”

“हिब्रू.” प्रार्थनामंदिराचे गुरुजी अक्षरांवरून बोट फिरवत होते, उजवीकडून डावीकडे. “आकाश आणि पृथ्वी यांचा तो. आता ‘तो’ कोण? काही जण म्हणतात धनी, काही म्हणतात घडवणारा. जुन्या हिब्रूत त्या एका शब्दात दोन्ही मावतं. मी असं समजतो, की त्याने घडवलं, म्हणून ते त्याचं. कोणी बहाल केलं म्हणून नव्हे.”

“मग माझी क्रेन कारखानदाराची झाली की!”

“देवाला क्रेनच्या पंक्तीला बसवू नका हो.” गुरुजी हसले. “मोठी गोष्ट ही, की घडवलेल्याला तो उघडपणे ‘माझं’ म्हणतो. लाजत नाही.”

म्हाताऱ्याने सुनेकडे मान वळवली. “ऐकलंस?”

“देवाचं निराळं असतं, मामंजी,” ती खाल मानेने म्हणाली आणि कोऱ्या जागेवरची धूळ फुंकू लागली.

“बरं. तर मंडळी, ही अख्खी ओळ मी एका दुपारात कोरली.”

“झालं सुरू,” क्रेनवाला पुटपुटला.

“छिन्नी अशी तापली, की शेजारच्या लोहाराने येऊन तिच्यावर बिडी पेटवली. हातोडा वर गेला की खाली यायला तयार नाही. म्हणतो, आधी पुढचं अक्षर सांग! आणि धूळ? गावभर असा अंधार पडला, की लोकांनी भरदुपारी दिवे लावले.”

“मी होतो की गावात. मला नाही दिसला अंधार.”

“तुम्ही दिवा लावला नसेल. मग अंधार दिसणार कसा?”

गुरुजी खोखो हसले. सूनही गालात हसली. असल्या गप्पा तिला रोजच्याच होत्या. तिने छिन्नीचं टोक कोपऱ्यावर टेकवलं आणि हातोडा उचलला.

म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि घाईघाईने आवाज चढवला.

“शेवटच्या अक्षराने मात्र दगा दिला. लांब शेपटीचं आहे ना, ते. शेपटी तुटून हातात आली. मग काय, डिंकात दगडाचा भुगा कालवला आणि दिली चिकटवून! खालून बघणाऱ्याला काय कळतंय?”

गुरुजींचं बोट शेवटच्या अक्षरावरून चटकन मागे आलं. क्रेनवाल्याने पट्ट्यावरचा हात काढून घेतला.

हातोडा हवेतच थांबला होता.

“खोटं!”

सून ताडकन उभी राहिली. हातोडा तिने खाली टाकला होता, छिन्नी मात्र मुठीत घट्ट होती.

“साफ खोटं! एक कण चिकटवलेला नाही तिथे. दगडात खाली मऊ रेघ होती. शेपटी सरळ सोडली असती तर तुटलीच असती, म्हणून हळूच आत वळवली. आधी दोन दिवस हात न लावता नुसती बघत बसले होते या दगडाकडे!”

म्हातारा शिळेवरून उठला आणि धोतराची धूळ झटकत बाजूला झाला.

“नखाने चाचपा, गुरुजी,” ती म्हणाली. “चाचपा ना! सांधा सापडला तर हा दगड आत्ता परत नेते. डिंक म्हणे! ती शेपटी मी कोरलीय. ती अख्खी ओळ मी कोरलीय!”