धनीबाईचं बोट

"हात काढ गं! आत्ताच पुसलंय मी ते," मधुसूदन मिस्त्री खेकसला.

धनीबाईनं हात काढला. तांड्याचा नायक डोंगरसिंग, त्याच्या पाण्याच्या इंजनाचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, दिग्रसहून खरादावर घासून आणलं होतं अन् इहिरीपाशी पोत्यावर उताणं ठेवलं होतं. माघाचा महिना, गव्हात दाणा भरायचे दिवस, भुईला हातहात भेगा, अन् दहा दिवस झाले इंजन बंद. नायकाच्या गव्हाचं झालं की पाटाचं उरलंसुरलं पाणी धनीबाईच्या अर्ध्या एकराला जायचं. नवरा मेलेला, पोर ना बाळ. तिचं वर्षाचं पोट त्याच गव्हावर.

"इथं खोलगट लागते, साहेब. या पाण्याच्या भोकापाशी," ती म्हणाली. जन्मभर घागऱ्यावर आरसे टाचून तिची बोटं अशी झाली होती, की एक धागा वर आला तरी समजायचा.

मिस्त्री हसला. यवतमाळच्या कारखान्यात शिकलेला माणूस! त्यानं हेडवर लोखंडी पट्टी उभी धरली, आडवी धरली, खालून पातळ पत्री सारून पाह्यली. कुठंच शिरली नाही, म्हणजे हेड सपाट. तिरपी काही त्यानं धरली नाही. नायकाच्या घरी कोंबडं शिजत होतं, धीर कोणाले?

"नायक, पट्टी खोटी, का या बाईचं बोट?"

"काहून मधात बोलतं वं धनी?" नायक गुरगुरला.

"हे असंच बसवलं त इथूनच पाणी फुटन, भाऊ. मंग म्हनू नोका."

हेड बसलं, बोल्ट आवळले, इंजन धडधडलं. पाट भिजलाही नाही तर फस्सकन वाफ सुटली. नेमकं त्याच भोकापाशी हेडखालचं पॅकिंग फाटलं होतं. इंजन आचके देऊन थांबलं अन् नायकानं मिस्त्रीकडे पाह्यलं.

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. पण शिकलेलं डोकं ते! "माझी पट्टी बरोबर होती," तो म्हणाला. "हिनं बोट फिरवलं, तिथंच फुटलं. हिला आधीच कसं कळलं, ते विचारा."

बस, एवढंच बोलला मेला. पुढचं तांड्यानं केलं.

"माही गाय आटली, तवा बी हीच पाहून गेलती!" नायकीण सुखीबाई ओरडली.

"अवं, मी त सांगून राह्यली होती!" धनीबाई रडकुंडीला आली. "सांगतलं म्हनून म्याच केलं काय?"

"केलं नसतं त समजलं कसं असतं?" नायक म्हणाला.

त्याच सांजेला नायकानं तिच्या धुऱ्यावरचा पाट बुजवला. बाया तिच्या सावलीतून लेकरं ओढून न्यायला लागल्या.

आठ दिवसांनी हेड पुन्हा घासून आलं. भर दुपारी मिस्त्री ते पोत्यात बांधून सायकलवरून तिच्या झोपडीमागं आला.

"धनीबाई, एकदा बोट फिरव. कोणाला सांगू नको."

"चाला नायकाच्या वट्यावर. साऱ्याइच्या समोर फिरवतो."

"असं कसं होईल, बाई? माझी लाज जाईल."

"माही त गेली ना, साहेब! पट्टी हाय तुमच्यापाशी. जा."

सायकल वळवून गेला तो. या खेपेला भीतीनं त्यानं पट्टी तिरपीही धरली, पत्री शिरली नाही, तवाच हेड बसवलं. इंजन जे चाललं, ते थेट रात पडेपर्यंत चाललं. नायकानं त्याच्या हाती नारळ दिला.

धनीबाई आपला वाळलेला गहू बकरीसाठी उपटत होती. बांधावरून सुखीबाई मोठ्यानं बोलत गेली, "पाह्यलं ना बयाहो? या खेपेले तिचा हात लागला नाही, त कुठंच फुटलं नाही!"