बुटाच्या टाचेवर बसवलेला पाय

जन्मभर लेथवर खुर्च्यांचे पाय कातले आणि शेवटी माझाच पाय दुसऱ्याकडून करून घ्यायची वेळ आली. गाडीतून ओंडके उतरवताना साखळी सुटली आणि डावा पाय गुडघ्याखाली तुटला. तेव्हापासून थोरल्या भावाने, दादानेच मला उठवलं, बसवलं, आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून चालवलं. जखम चिघळली तेव्हा मी जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं, तरी याने सांडलेलं गोळा केलं. "तुझा लेथ झाकून ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाही," एवढंच म्हणायचा. त्या एका वाक्याच्या जोरावर मी चालायला शिकलो, शप्पथ.

आज तात्पुरत्या पायाच्या जागी पक्का कृत्रिम पाय बसणार होता. पायवाल्या काकांनी बजावलं होतं, "कामावर जे घालणार, तेच आणा. टाचेची उंची बघून पाऊल बसवतो. नंतर भलतंच घातलंत तर तोल गेलाच म्हणून समजा." मी दादाला कारखान्यातले माझे जाड टाचेचे बूट आणायला सांगितलं.

त्याने पिशवीतून सपाट चपला काढल्या. नव्याकोऱ्या.

"बूट कुठायत?"

"अरे, घरात कशाला लागतात बूट?" म्हणाला आणि जीभ चावली.

"लेथवर कोण उभं आहे, दादा?"

"माझा मेव्हणा. कामं तुंबली होती रे. तुला सांगणारच होतो..."

"आणि बूट?"

"त्याच्याच पायात आहेत."

"कधीपासून?"

"तू दवाखान्यात होतास तेव्हापासून."

म्हणजे पहिल्यापासूनच! कारखाना आम्हा दोघा भावांचा आणि मला चक्क लहान पोरासारखं झुलवत ठेवलं. परक्याने केलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. याला काय बोलू?

काकांनी हळूच विचारलं, "मग चपलांवर बसवू का?"

"नाही. दादा, तुझे कारखान्यातले बूट काढ."

"अरे पण..."

"लहानपणापासून एकच माप आहे आपलं. काढ म्हणतो ना!"

त्याने खाली बसून बूट काढले. काकांनी टाच मोजली, स्क्रू फिरवले, मला उभं केलं, चालवलं, परत फिरवले. पाय बसला.

बाहेर पडताना पायऱ्या लागल्या. चपला फटफटवत दादा पुढे आला आणि सवयीने हात पुढे केला. "घरी ना?"

"कारखान्यात," मी म्हटलं आणि कठडा धरला.