सातशे ऐंशी फुटांवरचा महादेव

हैदराबादहून सरकारी ड्रिल बैलगाड्यांवर लादून उमरग्याच्या पलीकडच्या त्या गावात न्यायचं, महिनाभर काळा दगड पोखरायचा, आणि सापडलेला एकुलता एक पुरावा देवळात जाऊन बसायचा! १९४२ साली माझं डोकं फिरलं होतं ते उगाच नाही.

ड्रिलची पोकळ नळी गरगरत खाली जाई आणि तिच्यात शिरलेला दगड मुसळासारखा गोल होऊन वर येई. तो खोलीप्रमाणे पेटीत ओळीनं लावणं हे माझं काम. काळ्या दगडाच्या खाली त्याहून कितीतरी जुना दगड आहे आणि त्यात भूकंपाची एक पुरातन भेग दडलीय, असं मी अहवालात लिहून बसलो होतो. हैदराबादच्या साहेबांनी समासात शेरा मारला होता, ‘अण्णाराव, आधी दगड दाखवा, मग बोला.’

सातशे ऐंशी फुटांवर तो दगड आला. वीतभर लांब, काळसर, अंगावर तीन पांढरे पट्टे. किंचित तिरके होते, पण पट्टेच. मी खुशीत जेवायला गेलो. परत येतो तर पेटीतली जागा रिकामी.

“रुद्रम्मा अव्वांनी नेला,” ड्रिलवाला धुळाप्पा म्हणाला. “म्या काय करनार, सायेब? त्येंनी आदी हात जोडले, मग उचलला.”

मी तडक देवळात गेलो. दगडावर बेल वाहिलेला, पुढं उदबत्ती. शेजारी सत्तरीची रुद्रम्मा निवांत बसलेली. सगळं गाव तिला अव्वा म्हणे.

“अव्वा, हा सरकारी दगड आहे!” मी ओरडलोच.

“भुईतनं इभूत लावून आलेला द्येव सरकारी कसा आसंल, सायेब?”

“मी पोलीस पाटलांना बोलावीन!”

“बोलवा की. आत्ताच पाया पडून गेले त्ये.”

माझी हवाच गेली. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हा दगड नेला नाही, तर साहेब मला खोटारडा ठरवणार होते. मला रडू यायचंच बाकी होतं.

अव्वा जरा नरमली. “पर ह्येच्यात दावायचं काय हाय?”

“फार पूर्वी इथली जमीन फाटून सरकली. अशा वेळी वरवरचा दगड फुटतो, चुरा होतो. पण कित्येक कोस खोल भयंकर धग असते. तिथं दगड फुटत नाही, ताणला जातो. हे पट्टे म्हणजे ताणलेले पांढरे कण. पुढं वरचं सगळं झिजून तो उघडा पडला, मग त्यावर हा काळा दगड पसरला, आणि आता ड्रिलमुळं तो आपल्या हाती लागला.”

“मंजी शेवयाच की! कोरडी कणीक तुटती. मुरून मऊ झाली की ताणावं तेवढी ताणती.”

कॉलेजात चार वर्षं घालवून मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. रागही आला आणि हसूही.

“मग आजून खाली आसंल की आसला दगड,” ती म्हणाली.

“असेल. पण ड्रिलला सारखं पाणी लागतं आणि आमची विहीर आटली. उद्या संध्याकाळी गाशा गुंडाळायचा हुकूम आहे.”

“पानी व्हय? आदी सांगायचं न्हाय का!”

दुसऱ्या दिवशी उजाडताच अव्वाच्या मळ्यातल्या विहिरीपासून ड्रिलपर्यंत बायकांची रांग लागली. घागरीमागून घागर येत होती. धुळाप्पानं इंजिन सुरू केलं. दुपारी आणखी चार फूट खालून दगड वर आला. मी पुसून पाहिला. तीन पट्टे, आणि पहिल्यापेक्षाही ठसठशीत.

जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. पाणी त्यांचं, मेहनत त्यांची. आता कुठल्या तोंडानं मागणार होतो मी?

रुद्रम्मा अव्वानं दगड हातात घेतला, पाण्यानं धुतला, कपाळाला लावला. माझ्या तोंडाकडं एकवार पाहिलं आणि तो स्वतःच्या हातानं पेटीत ठेवला.

“न्या,” ती म्हणाली. “आमाला येक पुरं हाय. तुमच्या सायबाचा बगितल्याबिगर इस्वास बसत न्हाय. त्येंनाच द्येवाची लई गरज हाय.”